रग्बीत रेफ्रीला 'सर' म्हणतात, आमच्या टर्फवर त्याची आई काढतात

शिट्टीवाला_नेरूळ | शनिवार, रात्री ११.४०

सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. इथे ओकून टाकतो आणि झोपतो.

पावसाळा संपला की आमच्या सोसायटीची मुलांची फुटबॉल स्पर्धा असते. तेरा वर्षांखालची मुलं, पाच-पाच जणांचे संघ, नेरूळमधलाच एक टर्फ तीन शनिवार सकाळी भाड्याने. आयोजक म्हणजे मी आणि अजून दोन रिकामटेकडे बाप. रेफ्री शेजारच्या बिल्डिंगमधला बारावीतला पोरगा. मॅचमागे दीडशे रुपये आणि शेवटी वडापाव. स्वतः गोलकीपर आहे, नियम तोंडपाठ.

आज बॉल एका मुलाच्या हाताला लागला. हात अंगाला चिकटलेला होता, रेफ्रीने खेळ चालू ठेवला. बाहेर एक गृहस्थ जाळी धरून उभे होते. 'आंधळा आहेस का'पासून सुरुवात, आणि मिनिटभरात गाडी आई-बहिणीवर. चांगला शिकलेला माणूस, रोज लिफ्टमध्ये हसून विचारपूस करणारा. त्याचा मुलगा मैदानातच होता. तो खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी सुटलेलीच नव्हती.

रात्री मोबाइलवर रग्बीचे जुने तुकडे बघत बसलो. २०१२ मधला म्युन्स्टर-ट्रेव्हिसो सामन्याचा तुकडा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एक खेळाडू निर्णयासाठी ओरडतो, वेल्श रेफ्री नायजेल ओवेन्स त्याला कर्णधारासकट बोलावतो आणि शांतपणे सांगतो की इथे रेफ्री मी आहे, तू नाहीस, आणि हे सॉकर (म्हणजे फुटबॉल) नव्हे. शंभर किलोचे गडी, कान मोडलेले, नाकातून रक्त, आणि रेफ्रीसमोर शाळेच्या ऑफिसबाहेर उभं केल्यासारखे.

सगळे म्हणतात रग्बीवाल्यांचे संस्कार वेगळे. मला ते पटत नाही. माझ्या मते हा नियमांचा प्रताप आहे. रग्बीत पेनल्टी दिल्यावर तोंड चालवलं तर रेफ्री तीच पेनल्टी १० मीटर पुढे नेतो. १० मीटर पुढे म्हणजे कधीकधी थेट किकरच्या टप्प्यात, म्हणजे ३ गुण गेले. बडबड्याला त्याचेच सहकारी गप्प करतात. रेफ्रीशी बोलायचं ते कर्णधाराने. वर रेफ्रीला माइक लावलेला, त्याचा शब्द न् शब्द टीव्हीवर ऐकू येतो, तुमची शिवीही येईल. अशा खेळात दहा वर्षं काढलीत तर कुणीही 'सर' म्हणेल.

फुटबॉलने हे उशिरा उचललं. २०२४ च्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधाराने रेफ्रीकडे जायचं, बाकी कुणी गेला की पिवळं कार्ड, असं ठरलं. कर्णधारच गोलकीपर असेल तर मैदानातला दुसरा एक जण नेमायचा. पूर्वी घोळक्याने रेफ्रीला घेरायचे ते बरंच कमी दिसलं.

पुढच्या शनिवारी हाच नियम आमच्या पोरांना लावावा म्हणतो. मैदानातलं जमेल. जाळीबाहेरच्यांचं काय करायचं ते सुचवा.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | शनिवार, रात्री १२.२५

धागा काढलात ते बरं केलंत. मी कामानिमित्त तीन वर्षं डब्लिनला होतो (आता कासारवडवली, म्हणजे डब्लिनला ऑफिसात पोचायला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ रोज घोडबंदरवर जातो, पण ते अवांतर).

लिमरिकला थॉमंड पार्कवर म्युन्स्टरची मॅच बघितली. तिथली पद्धत अशी की किकर बॉल ठेवून मागे सरकला की अख्खं मैदान चिडीचूप. आपला असो की समोरच्याचा. मला आधी वाटलं साउंड सिस्टिम बंद पडली. हजारो माणसं, हातात बिअर, आणि कोणी खोकतसुद्धा नाही. नेमका तेव्हाच माझ्या खिशात फोन वाजला, ठाण्याहून आईचा. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून नुसतं बघितलं. मी आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो.

शेजारी समोरच्या संघाचं कुटुंब बसलं होतं, त्यांनी सँडविच दिलं. कुंपण नाही, वेगळं फाटक नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पाहुण्या संघाचे प्रेक्षक वेगळ्या स्टँडमध्ये बसवतात, आणि वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही, १९८५ चा कायदाच आहे. रग्बीला तो लागू नाही. तेच शहर, कदाचित तीच माणसं, एका खेळात त्यांच्या हातात ग्लास देतात आणि दुसऱ्यात काढून घेतात.

पण शिट्टीवाले, फक्त नियमांचं म्हणत असाल तर ती शांतता कुठल्या नियमात बसते? किकच्या वेळी ओरडलं म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ८.०५

झालं, रग्बीची आरती सुरू. 'गुंडांचा खेळ, सभ्य माणसं खेळतात' हे वाक्य अजून कोणी टाकलं नाही याचं आश्चर्य वाटतं. जरा आठवण करून देतो.

१) डर्बन, २००२. दक्षिण आफ्रिका-न्यूझीलंड. एक प्रेक्षक मैदानात उतरून रेफ्री डेव्हिड मॅकह्यूवर धावून गेला, त्याचा खांदा निखळला.

२) २००९, 'ब्लडगेट'. हार्लेक्विन्सच्या खेळाडूने तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल फोडली, बदली खेळाडू आत घ्यायचा म्हणून. प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी. फुटबॉलवाले निदान नुसते लोळतात, प्रॉपर्टी घेऊन येत नाहीत.

३) २०२१. दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरॅस्मस याने रेफ्री निक बेरीच्या चुका दाखवणारा ६२ मिनिटांचा व्हिडिओ केला, तो इंटरनेटवर फिरला. नाटकाच्या पहिल्या अंकाएवढा व्हिडिओ! त्यालाही बंदी.

४) २०२३ विश्वचषक अंतिम सामना, दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. रेफ्री वेन बार्न्स नंतर निवृत्त झाला. त्याच्या कुटुंबापर्यंत धमक्या गेल्या होत्या. व्हिडिओ रेफ्री टॉम फोलीने आंतरराष्ट्रीय सामनेच सोडले.

आणि ओवेन्सचं कौतुक करताय, त्याच ओवेन्सला २०१४ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर त्याच्या समलिंगी असण्यावरून शिव्या पडल्या. 'आमच्याकडे असं नसतं' म्हणणाऱ्या स्टँडमधूनच.

खरा मुद्दा वेगळाच आहे, वर्ग. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, कशावरून? तर खाणीत-गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूची रोजी बुडते ती भरून द्या, एवढीच मागणी. युनियनवाल्या (म्हणजे मूळ रग्बी संघटनेच्या) साहेबांना ते चाललं नाही. त्यांनी पैसे घेऊन खेळणं अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९९५ साली. शंभर वर्षं खेळ ज्यांच्या हातात होता त्यांची पोरं मास्तरांना 'सर' म्हणतच मोठी झाली. पोलो बघायला येणारेही शिव्या देत नाहीत. म्हणून पोलो थोर झाला का?

---

घोडबंदर_एक्सप्रेस | रविवार, सकाळी ८.३०

लिमरिकमध्ये रग्बी गोदी कामगारांचा खेळ आहे हो. वेल्समध्ये खाणकामगारांचा. वर्गाचं इंग्लंडपुरतं मान्य.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ८.३४

बरं, अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

---

तलावपाळी | रविवार, सकाळी ९.१०

कलकत्ता कप राहिला! कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून चषक केला आणि इंग्लंडला दिला. इंग्लंड-स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. १९८८ मध्ये सामन्यानंतर दोन्ही संघांतल्या एकेका सभ्य खेळाडूने दारू पिऊन तो एडिनबर्गच्या रस्त्यावर बॉलसारखा खेळवला आणि चेपवून टाकला. त्यातला एक म्हणजे वर शंकासुरांनी सांगितलेला तोच रिचर्ड्स. आपले रुपये होते हो ते.

---

कळव्याचा_पंच | रविवार, दुपारी २.५०

रग्बी मी बघितलेली नाही, फुटबॉल नातवामुळे बघतो. पण शिट्टी बावीस वर्षं वाजवली, कबड्डीची. कळवा, मुंब्रा, भिवंडी, खाली पार पेणपर्यंत. त्यामुळे दोन शब्द.

आमच्याकडेही कार्डं आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे घरी. गावच्या मैदानात मात्र कार्डापेक्षा मंडप कुठे आहे ते आधी बघायचं. मंडपात पाहुणे, पाहुण्यांत स्थानिक संघाचा आश्रयदाता. निर्णय दिला की पहिला आवाज तिथून यायचा. प्रेक्षक नंतर. माइकवरचा निवेदकच जर म्हणाला, 'पंचांचा निर्णय थोडा शंकास्पद वाटतो मंडळी', तर संपलं. तुमची शिट्टी गेली.

म्हणून मी मैदानावर पोचलो की आधी निवेदकाला चहा पाजायचो. गंमत नाही सांगत. त्याला म्हणायचो, चढाई कशी बाद झाली ते तू माइकवर सांग, मी तुला खुणेने दाखवतो. लोकांना कारण कळलं की निम्मा राग जातो. तुमच्या रग्बीतल्या रेफ्रीला माइक दिलाय म्हणता, ते मला सगळ्यात पटलं. माणूस निर्णयावर चिडत नाही, कळलं नाही म्हणून चिडतो.

बाकी मराठी मातीचा अभिमान वगैरे आपण बोलतो, पण २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उपांत्य कुस्तीच्या निकालावरून पंचालाच लाथ. तीन वर्षांची बंदी झाली मल्लावर. कुस्तीपटू हरल्यावर वस्तादाच्या पाया पडतो, तेच पाय पंचाकडे असे का वळले, यावर मी बरेच दिवस विचार केला. चूक पंचाची होती की नाही हा वेगळा विषय. पाठ टेकली की नाही हे दाखवायला तिथल्या तिथे काहीतरी हवं होतं.

शिट्टीवाले, त्या बारावीच्या पोराला माझा नमस्कार सांगा. आणि दीडशे रुपये फार कमी आहेत.

---

सानपाडा_आई | रविवार, दुपारी ४.१५

पंचकाका, प्रतिसाद फार आवडला.

माझी मुलगी शाळेत रग्बी खेळायला लागली दोन वर्षांपूर्वी. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा तिच्या हट्टापायी गेलो. आम्हाला निम्मे नियम कळत नव्हते, मागे बसलेला कॉलेजचा मुलगा समजावत होता. मला जाणवलं ते हे की नियमच माहीत नसतील तर माणूस रेफ्रीला शिव्या देऊच शकत नाही! फुटबॉल आणि क्रिकेट प्रत्येक बापाला 'कळतं', तीच गोची आहे. उद्या इथे रग्बी लोकप्रिय होऊ द्या, मग बघू.

आणि एक. बाहेरच्याने शिवी दिली तर त्याच्या मुलाच्या संघाला शिक्षा, असा उपाय कृपया कोणी सुचवू नका. ती नाडी बांधणारा मुलगा आठवा. त्याला आधीच शिक्षा झालेली आहे.

---

वाशीतला_बांगाल | रविवार, रात्री १०.००

वाशीत चौदा वर्षं झाली, मराठी बायकोने शिकवली, चुका पदरात घ्या. हाडाचा ईस्ट बेंगॉल.

माझे वडील १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर होते. ईस्ट बेंगॉल-मोहन बागान. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, रेफ्रीने बाहेर काढलं, आणि वरच्या स्टँडमध्ये दोन्हीकडचे प्रेक्षक शेजारी-शेजारी बसवलेले होते. चेंगराचेंगरीत १६ जण गेले. बाबा घरी चालत आले, एकच चप्पल घालून. त्यानंतर आमच्याकडे त्या तारखेला रक्तदान होतं. तेव्हा 'रग्बीत सगळे एकत्र बसतात' हे वाचून मला हेवा वाटतो, रागही येतो. एकत्र बसवणं हे आमच्याकडे सभ्यपणाचं लक्षण नव्हतं, निष्काळजीपणा होता.

२०१२ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला डर्बीसाठी (म्हणजे याच दोन संघांच्या सामन्याला) मी स्वतः होतो. बागानच्या नबीला स्टँडमधून दगड लागला, ते मध्यंतरानंतर खेळलेच नाहीत. दगड कुणी मारला माहीत नाही, पण स्टँड आमचा होता.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२४, आर. जी. कर प्रकरण (कोलकात्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि खून). सुरक्षेचं कारण देऊन डर्बी रद्द केली. त्या संध्याकाळी पाऊस पडत असताना लाल-पिवळे, हिरवे-मरून आणि मोहमेडनचे काळे-पांढरे, सगळे निषेधासाठी स्टेडियमबाहेर एकत्र जमले. बागानवाल्याच्या खांद्यावर बसलेला ईस्ट बेंगॉलवाला! पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खाल्ल्या. मी वाशीत फोनवर बघत होतो आणि बायको विचारत होती रडतोस कशाला.

रग्बीच्या चाहत्यांनी कधी एवढं केलंय का, खरंच विचारतो.

---

शंकासुर | रविवार, रात्री १०.२०

दादा, नमस्कार घ्या. याच्यावर मी काही खवचट बोलणार नाही.

---

तलावपाळी | सोमवार, सकाळी ७.५५ (लोकलमधून)

ठाण्याहून वानखेडेला जाऊन हार्दिक पंड्याची हुर्यो उडवणाऱ्यांत मीही होतो, १ एप्रिल २०२४. आपल्याच संघाचा कर्णधार! टॉसच्या वेळी मांजरेकरांना प्रेक्षकांना 'नीट वागा' सांगावं लागलं. तिकिटाचे पैसे दिलेत म्हणजे ओरडायचा हक्क, असं तेव्हा वाटत होतं. घरी येताना दादर-ठाणे उभ्याने आलो आणि जरा लाज वाटली. जराच.

अवांतर: २०१८ मध्ये भारताचा फुटबॉल कर्णधार छेत्रीने व्हिडिओ टाकला होता की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमात या. त्याआधीच्या सामन्याला अंधेरीत अडीच हजार लोक होते. पुढच्या केनियाच्या सामन्याला धो-धो पावसात मैदान भरलं. शिव्या देणाऱ्यालाही बोलावणं धाडावं लागतं, ही आपल्या फुटबॉलची तऱ्हा. आणि त्याच छेत्रीने मार्च २०२३ मध्ये बंगळुरूकडून खेळताना झटपट फ्री किक मारली म्हणून केरळचा संघ मैदान सोडून गेला, ४ कोटी दंड झाला. तिथे प्रेक्षक नाही, प्रशिक्षकच रुसला.

---

शिट्टीवाला_नेरूळ | सोमवार, दुपारी १.१०

सगळ्यांचे आभार, सलग उत्तर देतो.

घोडबंदर, शांततेचा प्रश्न बरोबर विचारलात. नियमात बसत नाही. पण मैदानातले तीस जण ऐंशी मिनिटं रेफ्रीपुढे गप्प बसतात ते बघत पिढ्या वाढल्या, ती सवय स्टँडमध्ये चढली असावी, असा माझा तर्क.

शंकासुर, यादी मान्य. पण तुमच्याच यादीत माझा एक मुद्दा दडलाय. फुटबॉलमध्ये मॅचला दोन-तीन गोल, एक निर्णय चुकला की खेळ खलास, म्हणून रेफ्रीचा जीव टांगणीला. रग्बीत गुण भरपूर, एक चूक पचून जाते. २०२३ ची फायनल १२-११ झाली, म्हणजे फुटबॉलसारखी झाली, आणि प्रेक्षकही लगेच फुटबॉलसारखे वागले.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये २००० नंतर काही वर्षं वाद घातला की फ्री किक १० यार्ड पुढे न्यायचा प्रयोग झाला होता, २००५ मध्ये गुंडाळला. गोलच्या फार जवळ फ्री किक मिळाली तर समोरच्या खेळाडूंच्या भिंतीवरून बॉल चढवून उतरवायचा कसा? ती शिक्षा कमी आणि उपकारच जास्त. रग्बीचं औषध जसंच्या तसं चालत नाही.

पंचकाका, मानधन अडीचशे केलं. सानपाडाताई, मुलांना शिक्षा नाही, शब्द दिला. कळव्याची युक्ती वापरतोय, एक छोटा लाउडस्पीकर आणलाय. रेफ्री प्रत्येक मोठा निर्णय एका वाक्यात सांगणार.

---

शिट्टीवाला_नेरूळ | पुढचा शनिवार, दुपारी ३.३०

वृत्तांत.

कर्णधाराचा नियम पोरांनी दहा मिनिटांत उचलला, थोडा जास्तच. एका संघाने मॅचच्या आधी कर्णधारपदासाठी निवडणूक घेतली आणि त्यात भांडण होऊन दोघांचं रडून झालं. दोनदा घोळका जमला, रेफ्रीने बोट दाखवलं, पांगले. एकाला दोन मिनिटं बाहेर बसवला, तो बाहेरूनही कर्णधारामार्फतच तक्रारी पाठवत होता.

लाउडस्पीकर पहिल्या मॅचला छान चालला. 'हात अंगाला चिकटलेला होता, म्हणून हँडबॉल नाही.' जाळीबाहेर दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मॅचला चार्जिंग संपलं.

ते गृहस्थ आले होते. एक शब्द बोलले नाहीत. पूर्ण वेळ मोबाइल जाळीच्या भोकातून आत. आता अर्ध्या तासापूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी आठ क्लिपा टाकल्यात, लाल बाण आणि वर्तुळं काढून. शंकासुर, आमच्या विंगेत इरॅस्मस निघाला.

त्यांच्या मुलाने दोन गोल केले. तोच कर्णधार होता. शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी असताना तो हात मागे बांधून रेफ्रीसमोर जाऊन उभा राहिला. आमच्या पोटात गोळा, आता काय काढतोय. म्हणाला, "सर, आमच्या गोलकीपरला सू लागलीय."

रेफ्रीने घड्याळ थांबवलं आणि लाउडस्पीकर नव्हता म्हणून ओरडून कारण जाहीर केलं.

---

कळव्याचा_पंच | शनिवार, दुपारी ४.०५

गोलकीपरचं नाव नाही ना जाहीर केलं?

---

शिट्टीवाला_नेरूळ | शनिवार, दुपारी ४.०७

केलं हो. पुढच्या शनिवारी त्याची आई मला भेटायला येणार आहे.